वजनाचे माप आणि मापाचे वजन

गेल्या काही वर्षांत गावोगावच्या महिला बचत गटांनी लोणची, सरबते, नाचणीचे लाडू, मसाले यांसारखे पदार्थ तयार करून विकण्याचे काम हाती घेतले आहे. या गटांना प्रशिक्षण देताना आपण ज्या कृतिपत्रिका वाटतो, त्यांत जिन्नसांची प्रमाणे ग्रॅम व किलो यांत दिलेली असतात. घरातील स्वयंपाक मात्र पेला, वाटी, चमचा व मूठ यांच्या हिशेबाने चालतो. या दोन पद्धतींचा मेळ घालून देण्याचे काम आपणा कार्यकर्त्यांचे आहे. परंतु ते क्षुल्लक समजून आपण बहुधा सोडून देतो. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही ते एकदा अर्धवट झाले आणि त्यात एका गटाचे बारा किलो कैरीचे लोणचे वाया गेले. तो प्रकार प्रथम सांगणे इष्ट होईल.

कोकणातील एका गावी मे महिन्यात कैरीच्या लोणच्याचे प्रात्यक्षिक ठेवले होते. कृतीत दर किलो फोडींस १८० ग्रॅम मीठ घालावयाचे होते. गटाजवळ तराजू नव्हता. मी बरोबर नेलेल्या वजनकाट्यावर त्यांच्याच घरातील स्टीलचा पेला ठेवून त्यात मीठ सपाट भरले. ते २४० ग्रॅम भरले. "बारा किलो फोडींस असे नऊ पेले घाला, म्हणजे बरोबर दोन किलो एकशेसाठ ग्रॅम होईल," असे सांगून मी निश्चिंत मनाने परतलो. गटातील भगिनींनी सांगितल्याप्रमाणे तंतोतंत नऊ पेले मीठ घातले. गणपतीच्या दिवसांत मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना हे लोणचे विकावयाचे, असा त्यांचा बेत होता. पावसाला आरंभ होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच बरण्यांच्या तोंडाशी पांढरी बुरशी धरली आणि फोडी मऊ पडल्या.

मी जाऊन पाहिले, तेव्हा गटाच्या अध्यक्षा असलेल्या वयस्कर बाईंनी काही न बोलता मिठाची पिशवी पुढे आणून ठेवली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी आम्ही वापरले होते ते पुड्यातील बारीक मीठ. त्यांनी लोणच्यासाठी नेहमीप्रमाणे शिरोड्याकडील खडे मीठ आणले होते. "साहेब, पेला तोच होता हो, मीठ तेवढं निराळं होतं," एवढेच त्या म्हणाल्या. त्याच पेल्यात खडे मीठ भरून वजन केले, तो काटा १६५ वर थांबला. नऊ पेल्यांचे दीड किलोहून थोडे कमीच मीठ झाले. म्हणजे दर किलो फोडींस १८० ग्रॅमऐवजी सव्वाशे ग्रॅमसुद्धा पडले नव्हते. चूक त्यांची नव्हती. पेला हे माप आहे, वजन नव्हे, आणि एका जिन्नसाचे ठरविलेले माप दुसऱ्या जिन्नसास, किंबहुना त्याच जिन्नसाच्या दुसऱ्या प्रकारास, लागू पडत नाही, हे मी त्यांना सांगावयास हवे होते.

असे का होते? कोणतेही माप भरताना आपण त्यात जिन्नस आणि हवा अशी दोन्ही भरतो. बारीक मिठाचे कण एकमेकांस चिकटून बसतात, मधल्या फटी लहान राहतात. मोठ्या खड्यांमध्ये फटी मोठ्या असतात, म्हणून तेवढ्याच जागेत मीठ कमी मावते. याशिवाय जिन्नसाचा स्वतःचा जडपणा असतोच. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे समीकरण आपल्या मनात इतके ठसले आहे की ते सर्वच पदार्थांना लागू आहे असे वाटते. वस्तुतः ते पाण्यापुरतेच खरे आहे. तेल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून एक लिटर तेलाच्या पिशवीवर वजन सुमारे ९१० ग्रॅम छापलेले आढळते. दूध किंचित जड असते. शंभर लिटर दुधाचे वजन सुमारे १०३ किलो भरते. दूध एका ठिकाणी लिटरने व दुसऱ्या ठिकाणी किलोने मोजले जात असेल, तर उत्पादकाने हा तीन किलोंचा फरक ध्यानात ठेवावा.

नेहमीच्या काही जिन्नसांचे एका लिटरमापात, न ठोकता व सपाट भरले असता, अदमासे किती वजन भरते ते खाली दिले आहे. लिटरमापाचा दहावा भाग म्हणजे १०० मिलिलिटर. त्यावरून वाटी-पेल्याचा हिशेब सहज करता येईल.

तांदूळ — ८०० ग्रॅम
तूरडाळ — ८०० ग्रॅम किंवा किंचित अधिक
गहू — ७७० ग्रॅम
ज्वारी — ७२० ग्रॅम
भात (साळ) — ५८० ग्रॅम
रवा — ७०० ग्रॅम
गव्हाचे पीठ, सैल — ५०० ते ५५० ग्रॅम
साखर — ८५० ग्रॅम
बारीक मीठ — १,२०० ग्रॅम
गोडेतेल, तसेच पातळ केलेले तूप — ९१० ग्रॅम
मध — १,४०० ग्रॅम

हे आकडे अंदाजाचे आहेत, हे पुन्हा सांगावेसे वाटते. वाण, दाण्याचा आकार व ओलावा यांप्रमाणे त्यांत कमीअधिक होते. दाणा ओला असला की फुगतो आणि मापात कमी मावतो. म्हणून ओलसर धान्याचे माप भरलेले दिसते, परंतु वजन त्या मानाने कमी असते. तेव्हा हे कोष्टक भिंतीवर चिकटवून थांबू नये. ज्या घरात अथवा गटात काम करावयाचे तेथील भांड्यावर व तेथीलच जिन्नसांवर आकडे काढावेत. याची रीत सोपी आहे.

प्रथम गटाने एकच पेला कायमचा ठरवावा. तो रिकामा असताना काट्यावर ठेवून वजन लिहून घ्यावे. नंतर तो पाण्याने काठोकाठ भरून पुन्हा वजन करावे. दोहोंतील जो फरक ग्रॅममध्ये येईल, तितकेच मिलिलिटर त्या पेल्याचे माप होय. पाणी पुसून पेला कोरडा करावा आणि मग एकेक जिन्नस भरून वजन घ्यावे. प्रत्येक जिन्नस निदान तीन वेळा भरावा व तिन्ही वजनांची सरासरी धरावी. एकदा भरून आलेला आकडा विश्वासार्ह नसतो. काटा गटाकडे नसल्यास रास्तभाव दुकानातील अथवा दूध संस्थेतील काटा अर्धा तास मिळू शकतो. मात्र मोठ्या काट्यावर एकच पेला तोलू नये. दहा पेले एकत्र तोलून दहाने भागावे, म्हणजे काट्याची लहानसहान चूक विभागली जाते.

पेला शिगेने भरावयाचा की सपाट, हेही आधीच ठरवून टाकावे. सपाट भरण्यासाठी जिन्नस काठाच्या वर येऊ द्यावा आणि सुरीच्या पाठीने किंवा सरळ पट्टीने वरचा भाग काढून टाकावा. चमच्याच्या बाबतीत तर हे फारच आवश्यक आहे, कारण शिगेचा चमचा सपाट चमच्याच्या दुप्पटही भरतो. घरोघरचे चमचे लहानमोठे असतात. पाच मिलिलिटरचा चमचा हवा असल्यास पातळ औषधाच्या बाटलीबरोबर येणारे खुणांचे टोपण स्वच्छ धुऊन वापरावे. अशा पाच मिलिलिटरच्या सपाट मापात बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम, साखर ४ ग्रॅम, तेल साडेचार ग्रॅम आणि हळद ३ ग्रॅम मावते. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. फवारणीच्या औषधाचे टोपण अथवा त्यासाठी वापरलेले कोणतेही माप, ते कितीही धुतलेले असो, स्वयंपाकघरात आणू नये. काही घरांतून ते फडताळात चमच्यांशेजारी ठेवलेले मी पाहिले आहे.

सर्वांत अधिक घोळ पिठाचा होतो. धान्य व साखर मापात फारशी दबत नाहीत, पीठ दबते. एकाच २०० मिलिलिटरच्या पेल्यात गव्हाचे चाळलेले पीठ हलक्या हाताने भरले, तर ते १०० ग्रॅमच्या आसपास भरते. डब्यात पेला खुपसून भरल्यास १२० ग्रॅम होते, आणि ठोकून व बोटांनी दाबून भरल्यास १४० ग्रॅमपर्यंत जाते. पेला तोच, पीठ तेच, हातही तोच, तरीही शंभराला चाळीसचा फरक! घरच्या भाकरी-पोळीला याचा त्रास होत नाही, कारण पीठ मळणारा हात पाणी बेताने घालतो आणि कणीक सैल झाली तर मूठभर पीठ वाढवितो. परंतु नाचणीच्या बिस्किटांचा किंवा लाडवांचा घाणा विक्रीसाठी करावयाचा असेल, तर आजचा व उद्याचा माल सारखा उतरला पाहिजे. म्हणून पीठ मापाने घेणे अपरिहार्य असल्यास ते आधी चाळावे, चमच्याने पेल्यात सोडावे, पेला आपटू नये आणि वरून पट्टी फिरवावी. शक्य असेल तेथे इतर जिन्नस मापाने व पीठ तेवढे वजनाने घ्यावे, असे माझे मत आहे.

कृतिपत्रिकेत "पीठ दोन भाग, साखर एक भाग" असे लिहिलेले असते. हे भाग वजनाचे की मापाचे, याचा उल्लेख बहुधा नसतो. हा दोष आपला आहे. वजनाने एक किलो पीठ व अर्धा किलो साखर घेतली, तर मापात पीठ सुमारे एकोणीसशे मिलिलिटर आणि साखर सहाशे मिलिलिटरच्या आत भरते. म्हणजे पेल्यांच्या हिशेबाने प्रमाण दोनास एक न राहता तिनास एकाहूनही अधिक होते. उलटपक्षी, पेल्यांनीच दोनास एक घेतले तर साखर जवळजवळ पिठाच्या तोलाची पडते. असे लाडू गिऱ्हाईक एकदा घेते, पुन्हा घेत नाही. शिवाय साखरेचा खर्च वाढतो तो निराळाच.

याचा अर्थ घरातील बायांची मापाची रीत चुकीची आहे, असा कोणी घेऊ नये. भाताला तांदळाच्या दुप्पट पाणी घालतात, ते दोन्ही एकाच भांड्याने मोजतात. भांडे वाटी असो की पातेली असो, प्रमाण बिघडत नाही. उलट आपणच जेव्हा एक किलो तांदूळ तोलून देतो आणि "दुप्पट" म्हणून दोन लिटर पाणी सांगतो, तेव्हा भात टणक राहतो. कारण एक किलो तांदूळ मापाने सव्वा लिटर भरतो आणि त्याच्या दुप्पट पाणी अडीच लिटर होते. जेथे प्रमाण तेवढे सांभाळावयाचे, तेथे माप पुरेसे आहे. जेथे किंमत, वाटप, टिकाऊपणा अथवा कायदा यांचा संबंध येतो, तेथे वजनच पाहिजे.

वाटपाचे उदाहरण शाळेच्या स्वयंपाकाचे देता येईल. २०२१ पासून पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण या नावाने चालणाऱ्या शालेय आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५ ग्रॅम तेल, तर सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व साडेसात ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. प्राथमिक वर्गांची साठ मुले हजर असतील तर सहा किलो तांदूळ शिजला पाहिजे. स्वयंपाक करणाऱ्या भगिनीने लिटरमाप म्हणजेच किलो समजून सहा मापे तांदूळ घेतला, तर पातेल्यात प्रत्यक्षात चार किलो आठशे ग्रॅमच पडतो. साठ मुलांच्या ताटांत अठ्ठेचाळीस मुलांचा तांदूळ वाटला जातो. कोणी चोरी केलेली नसते. पण मुले अर्धपोटी उठतात, आणि महिनाअखेरीस कोठीत शिल्लक राहिलेल्या तांदळाचा हिशेब लागत नाही म्हणून त्याच भगिनीवर संशय येतो. सहा किलोंस साडेसात मापे लागतात. डाळ एक किलो दोनशे ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड माप. तेल ३०० ग्रॅम, म्हणजे सुमारे ३३० मिलिलिटर. एवढे तीन आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवले आणि मापाची एकदा काट्यावर पडताळणी केली, तर हा प्रश्न सुटतो. तांदळाचा नवा साठा आला की पडताळणी पुन्हा करावी.

अगदी लहान वजनांच्या बाबतीत मात्र चमच्यावर विसंबणे धोक्याचे असते. लिंबू, संत्रे किंवा आंबा यांचे स्क्वॅश टिकविण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात. स्क्वॅशमध्ये त्यापासून येणाऱ्या गंधकाच्या वायूचे, म्हणजे सल्फर डायऑक्साइडचे, प्रमाण दर दहा लाख भागांस ३५० भागांहून अधिक असता कामा नये. हिशेबाने दर किलो स्क्वॅशला ही पूड सुमारे ०.६ ग्रॅम पडते. एवढी पूड घरगुती काट्यावर तोलता येत नाही, आणि चिमटीने घ्यावी तर प्रत्येकाची चिमूट निराळी. येथे वजनाचे रूपांतर मापात करण्याची एक युक्ती उपयोगी पडते. ६ ग्रॅम पूड नीट तोलून घ्यावी. एवढे वजन सोनाराकडील अथवा प्रयोगशाळेतील बारीक काट्यावर करून मिळते. ती उकळून गार केलेल्या थोड्या पाण्यात विरघळवून एकूण द्रावण १०० मिलिलिटर करावे. या द्रावणाच्या १० मिलिलिटरमध्ये ०.६ ग्रॅम पूड येते. दर किलो स्क्वॅशला हे १० मिलिलिटर द्रावण घालून चांगले ढवळावे. द्रावण ज्या दिवशी करावे त्याच दिवशी वापरावे. ठेवल्यास त्यातील वायू उडून जातो. पूड विरघळविताना भांड्यावर तोंड नेऊ नये, ठसका लागतो.

वजन आणि माप यांचा हा गोंधळ आपल्याकडे नवा नाही. शेर हा शब्दच दोन्ही अर्थांनी चालत असे. तोलण्याचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. आणि मापाचा शेर निराळा. त्याच्या निम्मे मापटे, त्याच्याही निम्मे चिपटे, आणि चार शेरांची पायली. मापाचा शेर एका बाजारपेठेत जेवढा, तेवढाच दुसरीत असेल याची शाश्वती नसे. शीग लावून घेणारा व्यापारी देताना सपाट देई, आणि त्या शिगेत शेतकऱ्याचे किती धान्य गेले याची नोंद कोठेच होत नसे. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२ पासून ती सक्तीची झाली. आज २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा लागू आहे. तरीही खेड्यातील वडीलधाऱ्या बायका नाचणी पायलीने व तांदूळ मापट्याने सांगतात, आणि त्यांना ते सांगू द्यावे. फक्त त्यांच्या पायलीत पाणी ओतून तिचे लिटर काढावेत व वहीत लिहावेत. एका घरची पायली दुसऱ्या घरच्या पायलीशी जुळली नाही, तर त्यात नवल मानू नये.

विक्रीच्या बाबतीत मात्र सवलत नाही. लिटरभर मापाच्या डब्यात चिवडा भरला म्हणून वेष्टनावर एक किलो लिहिता येत नाही. निव्वळ वजन तोलूनच लिहावे लागते, आणि त्यासाठी वापरावयाचा काटा पडताळणी करून मुद्रांकित केलेला असावा लागतो.

जाता जाता शेतकरी बंधूंसाठी एक शब्द. खताचा डबा हेही मापच आहे. ज्या डब्यात युरिया सुमारे साडेसातशे ग्रॅम मावतो, त्याच डब्यात दाणेदार डीएपी एक किलोच्या जवळपास आणि सुपर फॉस्फेट त्याहूनही थोडे अधिक मावते. झाडागणिक खत देताना प्रत्येक खताचा डबा एकदा तोलून त्याची खूण निराळी करावी. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोंची असे. २०१८ पासून ती ४५ किलोंची झाली आहे. "एकरी अमुक गोण्या" असा जुना हिशेब करणाऱ्यांनी तोही तपासून घ्यावा.

त्या गटाने पुढील वर्षी पुन्हा बारा किलो कैऱ्या घेतल्या. या वेळी त्यांनी खडे मीठ आधी उन्हात वाळविले, कुटून चाळले आणि मगच पेल्याने मोजले. माझ्यासमोर दहा पेले काट्यावर ठेवून त्यांनी दर पेल्याला किती ग्रॅम बसते ते काढले, आणि किती पेले लागतील तो भागाकार अध्यक्षाबाईंच्या नातीने वहीत केला. पेल्याच्या बाहेरील बाजूस बाईंनी खिळ्याने दोन रेघा ओढल्या आहेत, एक मिठाची व एक मोहरीच्या डाळीची. तो पेला आता त्या कोणास पाणी प्यावयासही देत नाहीत.